विमान ७.१०चं, काउंटर बंद ६.१०ला: देशांतर्गत विमानप्रवासातल्या चेक-इनच्या वेळा

तिकिटावर छापलेली सुटण्याची वेळ प्रवाशाच्या थेट कामाची नसते. त्या वेळेला विमानानं आपली जागा सोडायची असते. म्हणजे दारं लागलेली, शिडी किंवा पूल बाजूला झालेला आणि चाकं हलायला लागलेली. प्रत्यक्ष उड्डाण त्याच्याही पुढे, धावपट्टीवर पाळी आली की. तुम्हाला पाळायच्या असतात त्या वेळा सगळ्या अलीकडे असतात, एकीमागून एक, आणि त्यांतली पहिलीच सगळ्यांत कडक असते.

आपण एसटी आणि रेल्वेच्या सवयीत वाढलेली माणसं. स्टँडवरून गाडी हलली तरी हात दाखवला की कंडक्टर बेल मारतो, लोकल सुटता सुटताही लोक डब्यात शिरतात. त्यामुळे 'सातला दहा कमी असताना पोचलो तरी चालेल' हा हिशोब अंगात मुरलेला असतो. घरात कुणी निघालं की पहिला प्रश्न येतो, "विमान कितीचं?" मी आमच्या घरात हा प्रश्न बदलून घेतला आहे. "काउंटर कितीला बंद होतो?" असं विचारायचं. पुढचा सगळा हिशोब त्या वेळेपासून मागे करायचा.

सकाळच्या ७.१०च्या विमानाचं वेळापत्रक

आज भारतातल्या इंडिगो, एअर इंडिया, अकासा यांसारख्या कंपन्यांच्या देशांतर्गत विमानांचा चेक-इन आणि बॅग घेण्याचा काउंटर सुटण्याच्या ६० मिनिटे आधी बंद होतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत ४५ मिनिटांची मुदत सर्रास होती, म्हणून जुने प्रवासी अजूनही 'पाऊण तास आधी' म्हणतात. त्यांच्या सांगण्यावर जाऊ नका. ७.१०च्या विमानासाठी चित्र साधारण असं दिसतं:

- दोन दिवस आधी, म्हणजे ४८ तास आधी: वेब चेक-इन (मोबाइल किंवा संगणकावरून आसन आणि बोर्डिंग पास घेणं) सुरू.
- ६.१०: वेब चेक-इन बंद, काउंटर बंद, बॅग घेणं बंद.
- ६.१०च्या पुढे-मागे: गेटवर बोर्डिंगची, म्हणजे विमानात चढवण्याची हालचाल सुरू.
- ६.४५: गेट बंद. बहुतेक ठिकाणी २५ मिनिटे आधी, काही ठिकाणी २०.
- ७.१०: विमान जागेवरून हलतं.

आता यातल्या ६.१० कडे नीट बघा. ६.१०ला रांगेत उभं असणं म्हणजे वेळेत असणं नव्हे. ६.१०च्या आत तुमची बॅग पट्ट्यावर चढून तिला टॅग लागलेला असायला हवा. ज्या कंपनीनं जाणार आहात तिची मुदत तिकिटावर किंवा तिच्या ॲपवर एकदा वाचून घ्या. लहान विमानांच्या आणि छोट्या शहरांच्या सेवांमध्ये नियम थोडा वेगळा असू शकतो, आणि वाद झाला तर तिकिटावर लिहिलेलंच धरलं जातं.

एक तास आधी कशासाठी?

हे कळलं की काउंटरवरच्या मुलीशी भांडण होत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

पट्ट्यावर टाकलेली बॅग थेट विमानात जात नाही. आधी तिची क्ष-किरण तपासणी होते. काही संशयास्पद दिसलं तर ती बाजूला काढतात, पुन्हा बघतात, गरज पडली तर मालकाला बोलावून उघडायला लावतात. मग ती त्या विमानाच्या ट्रॉलीपर्यंत पोचते, ट्रॉली विमानापर्यंत जाते आणि माणसं एकेक बॅग पोटात रचतात. दीड-पावणेदोनशे प्रवाशांचं विमान असेल तर हे काम सहज अर्धा तास खातं.

त्याच वेळी दुसरीकडे वजनाचा हिशोब चालू असतो. किती प्रवासी, कुठल्या रांगांत बसले, किती बॅगा, किती माल, किती इंधन, यावरून विमानाचा तोल कुठे पडतो ते काढतात. तो कागद वैमानिकाच्या हातात गेल्याशिवाय विमान हलत नाही. तुम्ही ६.२०ला आलात आणि तुम्हाला घेतलं, तर हा हिशोब पुन्हा करावा लागतो. सत्तर-बहात्तर आसनांच्या एटीआर विमानात तर दोन-चार माणसं पुढची मागे बसली तरी फरक पडतो. अशा विमानात हवाई सेविका कधी कधी प्रवाशांना जागा बदलायला सांगतात, ते याच कारणानं.

तिसरं कारण सगळ्यांत गंभीर आहे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं 'कनिष्क' हे विमान आयर्लंडजवळ अटलांटिक समुद्रावर बॉम्बस्फोटानं कोसळलं. ३२९ माणसं गेली. बॉम्ब होता एका बॅगेत. ती बॅग विमानात चढली होती, तिचा मालक चढलाच नव्हता. त्यानंतर जगभर हा नियम घट्ट झाला की प्रवासी नाही तर त्याची बॅगही नाही. आजही कुणी चेक-इन करून गेटवर आला नाही, तर त्याची बॅग ढिगातून शोधून खाली उतरवतात. 'मी जरा कॉफी घेत होतो' असं सांगत उशिरा येणाऱ्या एका माणसापायी खाली बॅगा उपसणारी चार माणसं असतात. गेट २५ मिनिटे आधी बंद होतं ते या कामालाही वेळ राहावा म्हणून.

पायरी पहिली: तिकीट काढलं त्याच दिवशी

तिकीट हातात आलं की चार गोष्टी तपासा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि विमान चुकण्याच्या निम्म्या गोष्टींचं मूळ इथेच सापडतं असं माझं निरीक्षण आहे.

नाव. ओळखपत्रावर आहे तसं. लग्नानंतरचं आडनाव तिकिटावर आणि माहेरचं आधारवर, असा घोळ आपल्याकडे फार होतो. कंपनीच्या संकेतस्थळावरून थेट काढलेल्या तिकिटात नावाची चूक २४ तासांच्या आत कळवली, तर दुरुस्तीचे पैसे घेता येत नाहीत, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा नियम आहे. काउंटरवर मुदत संपायला दहा मिनिटं उरलेली असताना हा घोळ निस्तरत नाही.

तारीख. मध्यरात्रीनंतरच्या विमानांना इथे फार माणसं फसतात. तिकिटावर १५ तारीख आणि वेळ ००.४० असेल, तर तुम्हाला १४ तारखेच्या रात्री जेवण उरकून निघायचं आहे. १५च्या रात्री गेलात तर विमान जाऊन जवळजवळ एक दिवस झालेला असतो. घरच्या कॅलेंडरवर अशा प्रवासाची खूण १४ तारखेवरच करा.

विमानतळ आणि टर्मिनल. 'मुंबई' एवढं वाचून निघण्याचे दिवस गेले. मुंबईत टर्मिनल १ विलेपार्ले-सांताक्रूझच्या बाजूला, पश्चिम द्रुतगती महामार्गालगत आहे. टर्मिनल २ सहारला, अंधेरी पूर्वेला. दोन्हींच्या मध्ये धावपट्टी आहे. आतून चालत जायची सोय नाही, बाहेरून गाडीनंच जावं लागतं, आणि रहदारीत त्यात अर्धा-पाऊण तास सहज जातो. इंडिगोची विमानं दोन्हीकडून सुटतात, त्यामुळे 'गेल्या वेळी टी२ला गेलो होतो' हा अनुभव कामाचा नाही. त्यात डिसेंबर २०२५ मध्ये उलव्याजवळचा नवी मुंबई विमानतळ सुरू झाला. तिकिटावर बीओएम असेल तर जुना मुंबई विमानतळ, एनएमआय असेल तर नवी मुंबई. गोव्यातही तसंच आहे. जीओआय म्हणजे दाबोळी, वास्कोजवळ. जीओएक्स म्हणजे पेडणे तालुक्यातलं मोपा. मडगावच्या माणसाला दाबोळी हाकेच्या अंतरावर, तर मोप्यासाठी दीड तास धरायला हवा. परतीचं तिकीट काढताना हे तीन अक्षरांचे कोड वाचा. दिल्लीतही टर्मिनल १ हे २ आणि ३ पासून बरंच लांब आहे.

फोन नंबर. तिकीट एजंटकडून किंवा भाच्याच्या खात्यातून काढलं असेल, तर बऱ्याचदा नंबर त्यांचा जातो. विमानाची वेळ बदलली, टर्मिनल बदललं, तर संदेश त्यांना येतो आणि ते विसरतात. कंपनीच्या संकेतस्थळावर पीएनआर टाकून प्रवाशाचा स्वतःचा नंबर नोंदवता येतो. गावाकडून आई-वडील एकटे येणार असतील तर तुमचाही नंबर त्यात असू द्या.

पायरी दुसरी: वेब चेक-इन

दोन दिवस आधी ॲपवर किंवा संकेतस्थळावर पीएनआर आणि आडनाव टाकायचं, आसन घ्यायचं आणि बोर्डिंग पास मोबाइलवर उतरवून ठेवायचा. इथे पडद्यावर रंगीबेरंगी आसनांवर किमती दिसतात आणि पैसे भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही असं वाटतं. तसं नाही. फुकटची आसनं शिल्लक असतील तर ती निवडा, नाहीतर आसन न निवडता पुढे जाण्याचा पर्याय शोधा. आसन कंपनी देतेच. कुटुंबाला एकत्र बसायचं असेल तर ४८ तासांची खिडकी उघडल्या उघडल्या बसा, तेव्हा फुकटची आसनं शेजारी-शेजारी मिळण्याची शक्यता जास्त.

वेब चेक-इन जमलं नाही म्हणून घाबरू नका. काउंटरवर बोर्डिंग पास देण्यासाठी कंपन्यांनी वेगळे पैसे घेऊ नयेत, असं नागरी उड्डाण मंत्रालयानं जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

पण वेब चेक-इनचा एक गैरसमज मला स्वतःला महाग पडला, म्हणून तो इथे सांगतो. आईला दिल्लीला बहिणीकडे सोडायला निघालो होतो. तिचा पहिलाच विमानप्रवास. दोघांचे बोर्डिंग पास दोन दिवस आधीच काढून छापूनही ठेवले होते आणि मी निर्धास्त होतो. वाटेत एका चौकात गाडी अडकली, तरी 'पास तर हातात आहे' या भरवशावर मी शांत. काउंटरला पोचलो तेव्हा ५३ मिनिटं उरली होती. आम्ही दोघं आत जाऊ शकत होतो. बाळंतपण जवळ आलेल्या बहिणीसाठी आईनं महिनाभर खपून भरलेली मोठी बॅग मात्र जाऊ शकत नव्हती. काउंटरवरच्या माणसानं हे अगदी नीट, न ओरडता सांगितलं. आई त्या बॅगेच्या हँडलवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "मग मी पण नाही जात." आम्ही संध्याकाळच्या विमानानं गेलो, नव्यानं पैसे भरून.

वेब चेक-इननं तुमची जागा पक्की होते. बॅगेची मुदत तीच राहते. हातातल्या पिशवीनिशी जाणाऱ्या माणसाला ६.१०ची भीती थोडी कमी, कारण त्याला फक्त सुरक्षा तपासणी ओलांडून ६.४५च्या आत गेट गाठायचं असतं. चेक-इनची बॅग असलेल्या माणसासाठी काउंटर हीच खरी वेस.

पायरी तिसरी: आदल्या रात्री बॅगा

साध्या इकॉनॉमी तिकिटावर साधारण १५ किलोची चेक-इन बॅग आणि ७ किलोची हातातली बॅग नेता येते. कमी-जास्त असेल तर तिकिटावर लिहिलेलं असतं. बॅगेचं वजन घरीच करा. हातात धरायचा छोटा काटा दोन-तीनशे रुपयांत मिळतो. नसेल तर माणसाच्या वजनकाट्यावर बॅग घेऊन उभं राहा आणि आपलं वजन वजा करा.

काउंटरवर सगळ्यांत जास्त वेळ जातो तो इथे. बॅग १८ किलो भरते, मग जमिनीवर बसून बॅग उघडायची, चिवड्याचा डबा हातातल्या पिशवीत, साडी दुसऱ्या बॅगेत, पुन्हा वजन. किंवा जादा वजनाचे पैसे भरायला दुसऱ्या खिडकीवर जायचं, पावती घेऊन परत यायचं. मागची रांग कुरकुरते आणि आपले पंधरा मिनिटं जातात. बऱ्याच कंपन्यांत जादा वजन आधीच ऑनलाइन घेतलं तर स्वस्तही पडतं.

दुसरं, चुकीच्या बॅगेतली चुकीची वस्तू. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, त्या हातातल्या बॅगेतच हव्यात. लायटर आणि काडेपेटी कुठेच नको. आणि आपल्या घरांत हमखास होणारी चूक म्हणजे सुकं खोबरं. खोबऱ्यात तेल भरपूर, ते तापून पेट घेऊ शकतं, म्हणून चेक-इन बॅगेत त्याला मनाई आहे. मुलीला मसाल्यासाठी म्हणून खोबऱ्याच्या वाट्या कागदात गुंडाळून तळाशी ठेवल्या जातात आणि मग तपासणीत बॅग अडकते. उलट सुरी, कात्री, सुईसारख्या धारदार गोष्टी हातात नकोत, त्या चेक-इनमध्ये. लोणचं आणि तुपाच्या बरण्याही चेक-इनमध्येच, दुहेरी पिशवीत बांधून.

ओळखपत्र मूळ ठेवा. आधार, मतदार ओळखपत्र, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट यांपैकी काहीही चालतं. एम-आधार ॲपवरचं आधारही चालतं, पण मोबाइलमधला आधारचा नुसता फोटो दाखवून वाद घालत बसू नका. दोन वर्षांखालच्या बाळासाठी जन्मदाखला न विसरता घ्या.

पायरी चौथी: उलटा हिशोब

उदाहरण पुण्याचंच घेऊ, कारण पुण्याहून मुंबई विमानतळ गाठणारे रोज हजारोंनी निघतात. कोथरूडमधलं कुटुंब, चार माणसं, तीन चेक-इन बॅगा, टर्मिनल २वरून सकाळी ७.१०चं विमान.

काउंटर बंद ६.१०. रांग आणि वजन यांना ४० मिनिटं, म्हणजे ५.३०ला रांगेत. टर्मिनलच्या दारावर सीआयएसएफचा जवान तिकीट आणि ओळखपत्र बघतो. सणासुदीला तिथेही रांग असते. गाडीतून सामान उतरवणं, ट्रॉली शोधणं, आजोबांना हात देणं धरून ३५ मिनिटं. म्हणजे ४.५५ला टर्मिनलच्या दाराशी गाडी थांबायला हवी. कोथरूड ते सहार, रस्ता मोकळा असताना साडेतीन तास धरा. त्यावर एक तास राखीव, घाटासाठी. पावसाळ्यात किंवा लाँग वीकएंडला खंडाळ्याच्या घाटात एक ट्रक बंद पडला की तो तास कसा गेला कळत नाही. निघायची वेळ आली रात्री १२.२५. म्हणजे आदल्या दिवशीची रात्र, तारखेचा घोळ इथेही आहेच.

हे ऐकून अनेक जण म्हणतात, "एवढं कशाला लवकर?" या हिशोबात एकही आकडा फुगवलेला नाही. फक्त प्रत्येक टप्पा मोजला आहे, जो एरवी आपण 'पोचू दोन तास आधी' या एका वाक्यात गिळून टाकतो.

पुण्यातल्या लोहगाव विमानतळासाठी रस्ता छोटा, पण नगर रस्त्यावरची संध्याकाळ धरायलाच हवी. नव्या टर्मिनलमुळे आतली गर्दी कमी झाली आहे. विमानतळाबाहेरचा चौक आहे तिथेच आहे. गणपतीत आणि दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मी ठरलेल्या वेळेवर पाऊण तास आणखी लावतो.

मुंबईत राहणाऱ्यांना आता मेट्रो ३ आहे. टर्मिनल १ आणि टर्मिनल २ दोन्हींजवळ तिची स्थानकं आहेत. दुपारच्या विमानाला माझ्या मते याहून भरवशाची सोय नाही, कारण तिला सिग्नल नाहीत. पहाटेच्या विमानाला मात्र मेट्रो उपयोगाची नाही, ती रात्रभर चालत नाही. रविवारी लोकलनं येणार असाल तर मेगाब्लॉक बघून ठेवा.

पायरी पाचवी: विमानतळावर

आत शिरताच पडद्यावर आपलं विमान शोधा. चेक-इन केलेलं असेल तर 'बॅग ड्रॉप' लिहिलेल्या रांगेत उभं राहा, लांबलचक साध्या रांगेत नव्हे. मोठ्या विमानतळांवर यंत्रं असतात, त्यांवर बॅगेचा टॅग स्वतः छापून चिकटवता येतो. पहिल्यांदा करत असाल तर शेजारी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला विचारा, ते शिकवतात.

रांग मोठी असेल आणि मुदत जवळ आली असेल तर गप्प उभं राहू नका. काउंटर बंद व्हायच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी कर्मचारी विमानाचं नाव घेऊन ओरडत फिरतात, "दिल्लीवाले कुणी आहेत का?" असं. ते ऐकलं की हात वर करा. कुणी फिरत नसेल तर स्वतः पुढे जाऊन सांगा, "आमचं ७.१०चं दिल्लीचं विमान आहे, काउंटर बंद व्हायला वीस मिनिटं आहेत." भिडस्तपणानं विमान चुकलेली माणसं मी पाहिली आहेत.

बॅग दिली की पावतीवरचा टॅग क्रमांक बघून घ्या आणि पाच-दहा मिनिटं तिथल्याच आसपास थांबा. बॅगेत काही अडलं तर लगेच बोलावणं येतं. त्या वेळी तुम्ही सुरक्षा तपासणीच्या पलीकडे गेला असाल तर उलटं यावं लागतं.

सुरक्षा तपासणीत लॅपटॉप, पॉवर बँक, पट्टा, नाणी आधीच ट्रेमध्ये काढून ठेवली की हात चालतो. डिजियात्रा ॲप असेल तर प्रवेशद्वारावर आणि तपासणीच्या तोंडाशी चेहरा दाखवून पुढे जाता येतं. मुंबई आणि पुण्यात ही सोय २०२३ पासून आहे. नोंदणी घरीच आधारच्या ओटीपीनं करून ठेवायची आणि बोर्डिंग पास ॲपमध्ये टाकायचा. तिनं दोन रांगा वाचतात, बॅगेच्या काउंटरची रांग वाचत नाही.

गेटवर पोचलात तरी पडदा बघत राहा. गेट बदलतं. आता बऱ्याच विमानतळांवर सतत घोषणा होत नाहीत, त्यामुळे 'नाव पुकारतील तेव्हा उठू' हे चालणार नाही. मुंबईच्या टर्मिनल २वर टोकाच्या गेटपर्यंत चालायला दहा-पंधरा मिनिटं लागू शकतात. वयस्क माणसांबरोबर त्याहून जास्त.

विमान उशिरानं असेल तर

संदेश आला की विमान दोन तास उशिरा सुटणार. अशा वेळी घरून दोन तास उशिरा निघायचा मोह होतो. तो टाळा. काउंटर मूळ वेळेप्रमाणेच बंद होऊ शकतो, आणि उशिरा येणारं विमान कधी कधी दुसरं विमान मिळाल्यानं अलीकडेही ओढलं जातं. कंपनीनं नवी हजर राहण्याची वेळ स्पष्ट लिहून कळवली असेल, तरच ती धरा. नाहीतर जुनीच वेळ.

वयस्क, लहान मुलं आणि छोटे विमानतळ

व्हीलचेअर हवी असेल तर तिकीट काढतानाच मागा आणि नेहमीपेक्षा अर्धा-पाऊण तास आधी पोचा. चेअर आणि ती ढकलणारा माणूस उपलब्ध व्हायला वेळ लागतो, आणि सकाळच्या विमानांना एकाच वेळी पंधरा-वीस जण थांबलेले असतात.

कोल्हापूर, नांदेड, जळगाव, सिंधुदुर्गचं चिपी, ओझर यांसारख्या ठिकाणी इमारत लहान आणि रांगा छोट्या असतात. मात्र दिवसाला मोजकीच विमानं असल्यानं फार आधी गेलात तर काउंटर उघडलेलाच नसतो, आणि चुकलं तर पुढचं विमान दुसऱ्या दिवशी, कधी दोन दिवसांनी. तिथे दीड तास आधी पोचणं मला योग्य वाटतं.

दोन वेगळी तिकिटं जोडून प्रवास करत असाल, उदाहरणार्थ नागपूर ते मुंबई एका पीएनआरवर आणि मुंबई ते कोची दुसऱ्यावर, तर मुंबईत बॅग पट्ट्यावरून घेऊन दुसऱ्या काउंटरवर पुन्हा द्यावी लागेल. दुसऱ्या विमानाची ६० मिनिटांची मुदत तुम्हालाच गाठायची आहे. पहिलं विमान उशिरा आलं ही सबब दुसऱ्या कंपनीला लागू होत नाही. मध्ये किमान चार तास ठेवा, टर्मिनल बदलत असेल तर पाच.

काउंटर बंद झालाच तर

पहिली गोष्ट, वाटेतच लक्षात आलं की पोचणं शक्य नाही, तर गाडीतूनच ॲप उघडून तारीख बदलायची किंवा तिकीट रद्द करायची सोय अजून आहे का ते बघा. सुटण्याच्या काही तास आधी ती बंद होते, पण तोवर केलं तर काही तरी हातात राहतं.

मुदत टळून गेल्यावर पोचलात, तर काउंटरवर वाद न घालता कंपनीच्या तिकीट खिडकीवर जा. पुढच्या विमानात जागा आहे का, चुकलेल्या प्रवाशांसाठी काही कमी शुल्काची सोय आहे का, हे विमान सुटायच्या आत विचारा. परतीचं तिकीट त्याच पीएनआरवर असेल तर ते चालू राहील ना, हेही तिथेच विचारून लेखी किंवा संदेशानं पक्कं करून घ्या. काही तिकिटांत जाण्याचा टप्पा चुकला की परतीचाही रद्द होतो.

तुम्ही मुदतीत हजर होता आणि तरीही जागा नाही म्हणून विमानात घेतलं नाही, तर मात्र गोष्ट वेगळी. कंपनीनं जास्त तिकिटं विकलेली असतात. डीजीसीएच्या नियमानुसार मूळ वेळेपासून एका तासाच्या आत सुटणारं दुसरं विमान दिलं तर भरपाई नाही. २४ तासांच्या आतलं दिलं तर एकेरी मूळ भाडं आणि इंधन शुल्क यांच्या २०० टक्के, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशिराचं दिलं तर ४०० टक्के, कमाल २०,००० रुपये. यासाठी तुम्ही वेळेत होता हे दाखवता आलं पाहिजे. म्हणून गर्दीच्या दिवशी रांगेत उभं राहताच समोरच्या पडद्याचा, वेळ दिसेल असा एक फोटो मी काढून ठेवतो. कंपनीनं दाद दिली नाही तर मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करता येते.

आणि चूक तुमचीच असली, विमान तुमच्याशिवाय गेलं, तरी सगळे पैसे बुडत नाहीत. मूळ भाडं जातं, पण विमानतळाचं वापर शुल्क आणि सरकारी कर कंपनीनं परत करायचे असतात. 'नॉन-रिफंडेबल' लिहिलेल्या तिकिटालाही हे लागू आहे. बहुतेक कंपन्या ते आपणहून खात्यात टाकत नाहीत. संकेतस्थळावर 'नो शो' (तिकीट असून न आलेला प्रवासी) किंवा करपरताव्याचा अर्ज शोधा, पीएनआर भरा, आणि तिकीट एजंटकडून काढलं असेल तर पैसे त्याच्याकडे जमा झाले का हे त्याला फोन करून विचारा.